'ड्रायव्हर पाहिजे', पण कागदावर नको

कळंबोलीच्या स्टील मार्केटमध्ये एक चक्कर मारा. ट्रान्सपोर्टच्या शटरवर, चहाच्या टपरीवर, उभ्या गाड्यांच्या काचेवर एकच पाटी दिसेल: 'ट्रेलर ड्रायव्हर पाहिजे'. खाली मोबाईल नंबर. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असे मेसेज रोज येतात. मालक लोक भेटले की एकच रडगाणं, गाड्या उभ्या आहेत, ड्रायव्हर मिळत नाहीत, आजकालच्या पोरांना कष्ट नकोत.

मी सोळा वर्षं गाडीवर आहे. त्यातली अकरा वर्षं ट्रेलरवर. कॉइल, प्लेट, बीम, सळई, मशिनरी असा उघडा माल वाहतो. या सोळा वर्षांत सात मालक झाले. काम कधी आठ दिवसांच्या वर शोधावं लागलं नाही. पण या सातपैकी एकानंही मला 'हा माणूस माझ्याकडे कामाला आहे' असं लिहून दिलेलं नाही. एक चिठ्ठी नाही.

म्हणून आज लिहितोय. आमच्या धंद्यात काम मिळतं, पण काम मिळाल्याचा पुरावा मिळत नाही. 'ड्रायव्हर का मिळत नाहीत' याचं निम्मं उत्तर इथं आहे. पोस्ट लांब आहे, पण तुमच्या घराच्या स्लॅबमधली सळई कुणीतरी अशाच गाडीवरून आणलेली आहे, तेव्हा वाचा.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. साध्या ट्रकला तिन्ही बाजूंनी फाळके असतात, माल आत बसतो. ट्रेलरला फाळका नाही. पुढं घोडा, म्हणजे इंजिन आणि केबिन. मागं चाळीस फुटी सपाट पाट. अठरा नाहीतर बावीस टायर. त्या पाटावर वीस-पंचवीस टनांची एक कॉइल ठेवतात आणि ती तिथं राहावी याची जबाबदारी चेन, बेल्ट, लाकडी गुटके आणि ड्रायव्हर यांची. घाटात ब्रेक मारला की गाडी थांबते. कॉइल नीट बांधलेली नसेल तर ती थांबत नाही. तिच्या पुढं केबिन असते आणि केबिनमध्ये आपण.

म्हणून ट्रेलरचा ड्रायव्हर नुसता चालवणारा नसतो. माल कुठं ठेवला तर वजन बरोबर बसेल, गुटका कुठं मारायचा, चेन कुठून ओढायची, हे त्याला कळावं लागतं. निघाल्यावर वीस-पंचवीस किलोमीटरवर गाडी बाजूला घेऊन चेन परत आवळायची असते, कारण हादऱ्यानं ती ढिली पडतेच. पाऊस असेल तर वर चढून ताडपत्री. प्लेटच्या धारेनं हात कापतात ते वेगळंच.

आता हे शिकवतो कोण? जड वाहनाचं लायसन्स काढायला वय वीस लागतं आणि त्याआधी वर्षभर हलक्या वाहनाचं लायसन्स हातात लागतं. आठवी पासची अट होती, ती २०१९ मध्ये काढली. ट्रेनिंग स्कूलचा फॉर्म लागतो. माझ्या टेस्टला मी एक जुना ट्रक थोडा पुढं, थोडा मागं घेतला. ट्रेलर मागं घेताना स्टिअरिंग उलटं फिरवावं लागतं, हे मला त्या दिवशी कुणी विचारलं नाही. कॉइल कशी बांधायची हे तर नाहीच नाही.

ते शिकवलं उस्तादांनी. मी बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला. आई-वडील दर दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्यावर जायचे. मला कोयता नको होता म्हणून गावातल्या एकाच्या ओळखीनं दहा टायरच्या गाडीवर क्लीनर म्हणून चढलो. उस्ताद आझमगढकडचे. दोन वर्षं त्यांची गाडी धुतली, स्टोव्हवर डाळ शिजवली, टायर ठोकून हवा बघितली आणि रात्री मोकळ्या रस्त्यावर स्टिअरिंग हातात मिळालं. आमचं कॉलेज हेच. पण या कॉलेजचं सर्टिफिकेट नसतं. उस्ताद गावी गेले, फोन नंबर बदलला, की तुमची दोन वर्षं गेली. आता बहुतेक गाड्यांवर क्लीनरच नसतो, मालकाला परवडत नाही. म्हणजे कॉलेजही बंद पडलं. मग ड्रायव्हर येणार कुठून, हे पाटी लावणाऱ्यांनी सांगावं.

काम कसं मिळतं ते ऐका. पाटीवरच्या नंबरला फोन केला की पहिला प्रश्न: 'आधी कोणाकडं होता?' दुसरा: 'का सोडली?' मग शेठ किंवा त्यांचा मुनशी आधीच्या मालकाला फोन लावतो. तो जे बोलेल ते तुमचं चारित्र्य. आता त्याच्याकडं तुमचा दीड महिन्याचा पगार अडकलेला असेल आणि तुम्ही तो मागून मागून कंटाळून गाडी सोडली असेल, तर तो काय चांगलं बोलणार? 'डिझेल चोरतो' एवढे दोन शब्द पुरतात. तुमच्याकडं दाखवायला दुसरं काहीच नसतं. अकरा वर्षं ट्रेलर चालवला, एक अपघात नाही, हे सिद्ध करायला माझ्याकडं फक्त माझं तोंड आहे.

मग गाडी मागं लावून दाखवायची. दाखवली. मग आधार आणि लायसन्स. डिजीलॉकरवरचं लायसन्स रस्त्यावर चालतं, म्हणून काही मालक ओरिजिनल कार्ड स्वतःकडं ठेवून घेतात. 'पळून जाशील' म्हणतात. पगार तोंडी ठरतो. आणि संध्याकाळी तुम्ही गाडीवर असता. कुठंही सही नाही.

पगाराच्या दोन तऱ्हा आहेत. एक म्हणजे महिन्याचा पगार अधिक दिवसाचा किंवा ट्रिपचा भत्ता. दुसरी, ठोक खर्ची. कळंबोली ते अमुक गाव, एवढे पैसे, त्यात डिझेल, टोल, जेवण, वाटेतली 'एंट्री' सगळं आलं, उरलं ते तुझं. ऐकायला बरं वाटतं. पण याचा अर्थ असा की ड्रायव्हर जेवढा कमी झोपेल, जेवढा उतारावर न्यूट्रल सोडेल, जेवढा टोल चुकवून गावातल्या रस्त्यानं जाईल तेवढी त्याची कमाई. मग अपघात झाला की सगळे विचारतात, 'झोप लागली होती का?' लागली होती. ती कुणी विकत घेतली होती, ते विचारा.

शिवाय उचल. आमच्या बीडकडं उचल हा शब्द लहान पोरालाही कळतो. ऊसतोडीला जोडीनं उचल घेतात आणि मग फिटेपर्यंत हंगामामागून हंगाम मुकादमाचे. मी कोयता सोडून आलो आणि बघतो तर इथंही तेच. घरी लग्न, दवाखाना काही निघालं की शेठकडून उचल. ती फिटेपर्यंत गाडी सोडता येत नाही, आणि सोडली तर महिन्याची बाकी बुडते. हिशोबाची वही शेठकडं, आपल्याकडं काही नाही.

चलनाचंही तेच. २०१९ नंतर जादा मालाचा दंड वीस हजार आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार. माल गाडीच्या बाहेर आला तरी वीस हजार. कायदा म्हणतो, चालवणारा जबाबदार आणि चालवायला लावणाराही जबाबदार. पण माल किती घ्यायचा हे मालक आणि व्यापारी ठरवतात, आणि चलन आलं की 'तुझ्या पगारातून कापतो'. नाही म्हणावं तर पाटी लावलेलीच आहे, दुसरा येईल.

हे सगळं एकवेळ सहन होतं. माणूस जिवंत असेपर्यंत.

तीन वर्षांपूर्वी आमच्यातला एक जण घाटात गेला. वय पस्तीस. पुढची गाडी अचानक थांबली, यानं ब्रेक मारला, कॉइल पुढं आली. जास्त लिहीत नाही. दोन पोरं, बायको गावाकडं. मी आणि आणखी दोघं तिच्याबरोबर वकिलाकडं गेलो, तेव्हा मला पहिल्यांदा समजलं की कागद म्हणजे काय असतो.

ट्रकच्या विम्यात पगारी ड्रायव्हरची भरपाई येते. तेव्हा लागू असलेल्या १९२३ च्या कायद्यानं मृत्यूच्या भरपाईचा हिशोब असा होता: महिन्याच्या पगाराच्या निम्मे, गुणिले वयाप्रमाणे ठरलेला आकडा. पस्तिसाव्या वर्षी तो आकडा १९७.०६ होता. पगार कितीही असो, २०२० पासून हिशोबात जास्तीत जास्त १५ हजार धरत होते. म्हणजे १५ हजार पगार सिद्ध झाला तर भरपाई सुमारे १४ लाख ७८ हजार. ८ हजार पगार धरला तर सुमारे ७ लाख ८८ हजार.

त्याला हातात महिन्याला बावीस-तेवीस हजार पडत होते. मालकानं लिहून दिलं, 'पगार ८ हजार, बाकी ट्रिपचा भत्ता.' प्रवासभत्ता हा पगारात धरायचा नाही, असं त्या कायद्यातच होतं. एका ओळीत विधवेचे जवळजवळ सात लाख गेले. मालक माणूस म्हणून वाईट नव्हता. अंत्यविधीचा खर्च त्यानं केला, वर पन्नास हजार दिले. पण पगाराचा कागद त्याच्याकडंही नव्हता, आणि त्याच्या हिशोबनीसानं जे सोयीचं होतं ते लिहिलं.

मग आम्ही पुरावे गोळा करायला बसलो. बिल्टीवर त्याचं नाव होतं. कारखान्याच्या गेटपासवर त्याचा फोटो होता. मोबाईलवर पैसे आल्याच्या नोंदी होत्या, पण वेगवेगळ्या नंबरांवरून, कधी मुनशीच्या, कधी मालकाच्या मेहुण्याच्या. माणूस कामावर होता हे गेटपासनं सांगितलं. पगार किती होता हे सांगायला कुणी नाही. केस अजून चालू आहे.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एक गोष्ट बसलीय. गाडीचे कागद बघा. आरसी बुक, फिटनेस, परमिट, विमा, पीयूसी, टॅक्स. मालाचे कागद बघा. बिल्टी, इनव्हॉइस, ई-वे बिल, काट्याची पावती. एक कागद कमी असला तर गाडी नाक्यावर उभी राहते. आणि या दोन्हींच्या मध्ये बसलेल्या माणसाचा, लायसन्स सोडलं तर, कागदच नाही. आणि ते लायसन्सही त्याचं त्यानंच काढलेलं.

कुणी म्हणेल, ट्रकचा धंदाच असा आहे, विखुरलेला, इथं कागद शक्य नाही. त्यांना मी परत कळंबोलीलाच नेतो. माझ्या गाडीवर कॉइल चढवताना क्रेनखाली जो माथाडी उभा असतो ना, त्याचं नाव मंडळात नोंदलेलं आहे. व्यापारी त्याची मजुरी आणि वर लेव्ही मंडळात भरतो. त्यातून त्याचा प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे. माथाडी कायदा १९६९ चा. अण्णासाहेब पाटलांसारख्या माणसांनी हमालांना उभं केलं म्हणून तो झाला. हमाल तर आमच्यापेक्षा जास्त विखुरलेले होते. आज एका दुकानात, उद्या दुसऱ्या. तरी जमलं. आता त्या मंडळांतही गडबडी आहेत, खोटे माथाडी आहेत, खंडणीच्या तक्रारी आहेत, हे मलाही माहीत आहे. पण एकाच कॉइलला हात लावणारे दोघं. चढवणारा कागदावर आहे, पाचशे किलोमीटर नेणारा नाही.

आमच्यासाठी कायदा नव्हता असंही नाही. १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा होता. दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास, सुट्टी, रजा, सगळं लिहिलेलं. पाच किंवा जास्त कामगार असलेल्या मालकाला तो लागू होता. सोळा वर्षांत मला त्या कायद्याचं नाव एकाही मालकानं किंवा अधिकाऱ्यानं सांगितलं नाही, वकिलानं सांगितलं. आता तो कायदा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत गेला आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या चारही संहिता लागू झाल्या. त्यात एक चांगली गोष्ट आहे: प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यायचं. मी ही बातमी वाचली तेव्हा खरंच आनंद झाला. पुढं वाचलं तर ती संहिता दहा किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणाला लागू. आधी पाच होते, आता दहा. आमच्याकडं बहुतेक मालकांच्या दोन-चार गाड्या. म्हणजे ज्याला कागदाची सगळ्यात जास्त गरज, तोच बाहेर.

जानेवारी २०२४ आठवतं ना? अपघात करून पळून गेल्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षा, या कलमावरून आम्ही गाड्या उभ्या केल्या. दोन दिवसांत पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. तेवढे दोन दिवस देशाला आमची आठवण होती. सात लाख दंड, असा मेसेज तेव्हा सगळीकडं फिरला. कलमात तो आकडा नव्हताच, पण आमच्यातल्या कितीजणांना कायदा वाचता येतो? सरकारनं ते पोटकलम तेवढं थांबवलं, बाकीचा कायदा १ जुलै २०२४ पासून आला. ठीक. पण त्या चर्चेत सगळं काही शिक्षेवर झालं. ड्रायव्हर कामाला कसा लागतो, किती तास बसतो, कुणाच्या नावावर बसतो, यावर एक मिनिट बोलणं झालं नाही. १ ऑक्टोबर २०२५ नंतर बनणाऱ्या ट्रकना एसी केबिन सक्तीची केली, चांगलंच झालं, मे महिन्यात केबिनमध्ये काय होतं ते आम्हालाच ठाऊक. म्हणजे मनात आणलं तर नियम होतो. केबिनसाठी झाला, आता आतल्या माणसासाठी करा.

माझ्या बहिणीचा मुलगा तेवीस वर्षांचा आहे. जड वाहनाचं लायसन्स काढलंय. रोज फोन करतो, 'मामा, मला कुठंतरी ट्रेलरवर चिकटवा.' बहीण म्हणते, 'दादा, तू नको म्हण त्याला.' मी नको म्हणणार नाही. या कामावर मी घर बांधलं, दोन्ही मुलींना शिकवतोय. काम वाईट नाही, ज्या अटींवर मिळतं त्या वाईट आहेत. त्याला मी ज्या गोष्टी सांगितल्या त्या इथंही लिहितो, दुसऱ्या पोरांच्याही उपयोगाला येतील.

१. आधी ट्रेलरवर जाऊ नको. दहा टायरवर वर्ष-दोन वर्षं काढ. मग असा ड्रायव्हर शोध जो बांधायला शिकवेल. चालवणं कुठंही शिकता येतं, बांधणं नाही.

२. पगार ठरला की त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सॲपवर लिही: 'शेठ, आजपासून अमुक नंबरच्या गाडीवर, पगार इतका, भत्ता इतका.' त्यांनी नुसतं 'ओके' लिहिलं तरी तो तुझा कागद.

३. पगार बँकेच्या खात्यात घे, आणि एकाच नावाच्या खात्यातून. रोख दिला तर लिहून घे. पगाराचा आकडा मोठा आणि भत्त्याचा लहान ठेव. का, ते वर लिहिलंय.

४. प्रत्येक बिल्टीचा, गेटपासचा, काट्याच्या पावतीचा फोटो काढ आणि बायकोच्या किंवा आईच्या मोबाईलवर पाठव. स्वतःच्या मोबाईलवर ठेवू नको. अपघातात तो पहिला फुटतो.

५. गाडीच्या विम्याची तारीख स्वतः बघ. मालक म्हणतो म्हणून विश्वास ठेवू नको.

६. ओरिजिनल लायसन्स कुणाकडं ठेवू नको. झेरॉक्स दे.

७. चेन, बेल्ट, गुटके पुरेसे नसतील तर माल घेऊ नको. हे बोलायला अवघड आहे, नवीन असताना तर फारच. तरी बोल.

८. ई-श्रम कार्ड काढ. फुकट निघतं. त्यानं लगेच काही मिळेल असं नाही, पण 'ट्रक ड्रायव्हर' म्हणून सरकारच्या कुठल्यातरी यादीत नाव तरी राहील.

आणि मालक लोकांना हात जोडून सांगतो. तुम्ही आमचे शत्रू नाही. तुमचे हप्ते, डिझेलचे भाव, व्यापाऱ्याकडं नव्वद दिवस अडकलेलं भाडं, सगळं मी बघतो. तुमच्यातले बरेच जण आधी ड्रायव्हरच होते. पण अर्ध्या पानाचा कागद द्यायला काय लागतं? ड्रायव्हरचं नाव, लायसन्स नंबर, गाडी नंबर, कामाला लागल्याची तारीख, पगार, भत्ता, दोघांच्या सह्या. काम सोडताना त्याच कागदावर खाली तारीख आणि 'हिशोब पूर्ण' किंवा 'बाकी इतकी'. पुढच्या मालकालाही फोन करून चौकशी करावी लागणार नाही. चांगला ड्रायव्हर कोण आणि नुसता बोलघेवडा कोण, हे तुम्हालाच कळेल. कायदा दहाच्या आतल्यांना सूट देतो, पण द्यायला बंदी करत नाही.

सरकारकडं मागणी एकच आहे. रिक्षा-टॅक्सीवाल्यांसाठी राज्यात कल्याणकारी मंडळ झालं, हमालांसाठी पन्नास वर्षांपूर्वी झालं. मालवाहतुकीच्या ड्रायव्हरसाठी नोंदणीचं मंडळ करा. गाडी दोन असोत की दोनशे, ज्या गाडीचं परमिट आहे तिच्या ड्रायव्हरची नोंद त्याच परमिटला जोडा. फिटनेसला गाडी आली की ब्रेक बघता, लाईट बघता, तेव्हाच विचारा, 'ड्रायव्हर कोण, त्याचा कागद कुठंय?' एवढं झालं तरी पुष्कळ.

ही पोस्ट वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरात, नात्यात, गावात गाडीमालक असेल तर त्याला पाठवा. ड्रायव्हर असेल तर त्याला क्रमांक चार आजच करायला सांगा. आणि कळंबोलीत तसा कागद देणारा एखादा मालक माहीत असेल तर खाली नक्की लिहा. आमचा भाचा कामाच्या शोधात आहे.